कॅट माळ्यावरून खाली काढा

पत्त्यांचे सगळेच डाव एका माळेचे मणी नसतात, हे आमच्या घरात कुणीतरी एकदा नीट बोलायला हवं, म्हणून हे लिहितोय. नेहमीच्या वाचकांना यातून एक चिनी खेळ शिकायला मिळेल. सांगली-सातारच्या आमच्या गोतावळ्याला माझ्यावर रागवायला एक नवं कारण मिळेल. :)

झालं असं, की गेल्या गणपतीच्या आदल्या दिवशी काकूनं घरातले सगळे कॅट गोळा केले, त्यांना रबर लावलं आणि पिशवीत घालून माळ्यावर टाकले. "या घरात यापुढं पत्ते नाहीत" एवढं एकच वाक्य बोलली. कुणी काही विचारलं नाही, कारण सगळ्यांना कारण माहीत होतं. घरातला एक मुलगा मोबाइलवर पैसे लावून रमी खेळत होता. दीड वर्ष. रात्री, पांघरुणाखाली. कळलं तेव्हा दोन लाखांच्या वर गेले होते आणि आजीच्या पाटल्या गहाण पडल्या होत्या. कोण ते लिहीत नाही. घरच्यांना ठाऊक आहे, बाकीच्यांना गरज नाही. तो आता बरा आहे, नोकरी करतोय, दर महिन्याला फेडतोय.

काकूचा राग मला समजतो. आपल्याकडच्या पेपरात आतल्या पानावर 'जुगार अड्ड्यावर छापा' ही बातमी नसते असा आठवडा जात नाही. गाव बदलतं, बातमी तीच. तीन पानी जुगार, इतके जण ताब्यात, इतकी रोकड, इतक्या मोटारसायकली. ज्या कायद्याखाली ही माणसं धरतात तो १८८७ सालचा आहे, म्हणजे सव्वाशे वर्षांहून जुना. रमीला मात्र त्यातून वाट होती. सर्वोच्च न्यायालयानं १९६७ साली म्हटलं, की तेरा पानी रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे. क्लबातल्या टेबलावरच्या रमीबद्दलचा तो निकाल पुढं मोबाइलवरच्या रमीच्या जाहिरातींनाही ढालीसारखा वापरता आला. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, मग खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा. त्याला न्यायालयात आव्हानंही दिली गेली. असो. आमच्या घरापुरता तो कायदा उशिरा आला.

पण काकूनं माळ्यावर टाकलं काय? ज्या रमीनं घात केला ती त्या कॅटमध्ये नव्हतीच. ती फोनमध्ये होती. माळ्यावर गेला तो झब्बू, बदाम सात आणि पाच-तीन-दोन. म्हणजे चोर गेला मळ्यातून आणि आपण कुत्र्याला बांधून घातलं.

मला तर वाटतं, रमी आणि झब्बू हे एकमेकांच्या अगदी उलटे डाव आहेत. रमीत आपण जमवत असतो. एक पान उचलायचं, एक टाकायचं, म्हणजे हातात कायम तेरा. शेवटचं पान लागेपर्यंत 'आता एकच हवंय' असं वाटत राहतं, आणि त्या एका पानासाठी माणूस रात्र काढतो. पैसे नसतील तर त्यात वाईट काहीच नाही, माझे मामा आयुष्यभर रमी खेळले. पण पैसे लावले की ते 'एकच हवंय' फार महाग पडतं. झब्बूत कुणाला काही हवं नसतं. सगळ्यांची खटपट हातातलं कमी करण्याची. ज्याचा हात रिकामा झाला तो "सुटलो!" म्हणून ओरडतो आणि चहा टाकायला उठतो. 'जिंकलो' असं झब्बूत कुणीच म्हणत नाही, हे कधी लक्षात आलंय का? शब्दच 'सुटलो' हा आहे. जिंकणारा कुणी नसतो, फक्त एक हरणारा असतो. मग पैसे कुणी कुणाला द्यायचे?

ज्यांना झब्बू येत नाही (असं मराठी घर असेल असं वाटत नाही, पण परदेशात वाढलेल्या भाचरांसाठी), त्यांच्यासाठी थोडक्यात. पूर्ण कॅट सगळ्यांत वाटून टाकायचा. ज्याच्याकडं इस्पिकचा एक्का तो पहिली उतारी करतो. बाकीच्यांनी त्याच रंगाचं पान द्यायचं. सगळ्यांनी दिलं, की तो हात बाजूला, कायमचा बाद. ज्याचं पान सगळ्यात मोठं त्याची पुढची उतारी. मेख पुढं आहे. एखाद्याकडं तो रंगच नसला, तर तो दुसऱ्या रंगाचं पान टाकतो, म्हणजे झब्बू देतो. मग उतारीच्या रंगाचं सगळ्यात मोठं पान ज्याचं, त्याच्या अंगावर तो अख्खा हात येतो आणि पुढची उतारीही त्याचीच. असे पत्ते संपवत एकेक जण सुटत जातो. शेवटी उरतो तो गाढव. पुढच्या डावाला पिसायचं त्यानं.

आता सातारा आणि सांगली. माझं आजोळ सातारचं, घर सांगलीचं, त्यामुळं मी दोन झब्बूंत वाढलो. सातारच्या घरी झब्बू पडला की हात तिथंच थांबायचा, पुढच्यांनी पान टाकायचं नाही. सांगलीच्या घरी फेरी पूर्ण व्हायची, म्हणजे अंगावर येणारा बोजा जास्त, आणि पुढच्यानं मोठं पान टाकलं तर तो भलत्याच्याच अंगावर! दिवाळीत दोन्हीकडची मंडळी एकत्र आली की पहिला अर्धा तास नियमांवर जायचा. सातारकर म्हणायचे, तुमचा झब्बू निर्दयी. सांगलीकर म्हणायचे, तुमचा मिळमिळीत. आजी चष्म्यावरून बघत म्हणायची, "खेळताय का सभा भरवलीय?" सत्तावीस पानं हातात मावत नाहीत म्हणून रडकुंडीला आलेली माझी धाकटी बहीण अजून डोळ्यासमोर आहे. आज ती बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे आणि कर्जाच्या फायली बघते.

झब्बू हा बाळबोध खेळ आहे असं म्हणणाऱ्यांनी तो कधी मन लावून खेळलेला नसतो. मेंढीकोटात एक्का म्हणजे दौलत. झब्बूत एक्का हे ओझं आहे. ते सुरुवातीला, सगळ्यांकडं त्या रंगाची पानं आहेत तोवर उतरवावं लागतं. जपून ठेवलात, की शेवटी तोच तुम्हाला बुडवतो. चार जण खेळत असले तर एका रंगाची तेरा पानं. तीन हात सुखरूप गेले की बारा संपली. तेरावं पान ज्याच्याकडं आहे त्यानं ते उतारीला टाकलं की झब्बू ठरलेला. तेच पान त्यानं दाबून ठेवलं आणि दुसऱ्याच्या उतारीवर टाकलं, की दुसऱ्याच्या अंगावर. म्हणजे मोजायचं, लक्षात ठेवायचं, आणि मोठेपणा वेळेवर सोडायचा. दहा वर्षांच्या पोराला याहून काय शिकवायचंय?

'झब्बू' हा शब्द तर खेळातून बाहेर पडून भाषेत राहायला आला. नकोसं काम दुसऱ्याच्या गळ्यात घातलं की आपण म्हणतो, "मला झब्बू दिला." मायबोलीवर गणेशोत्सवात प्रकाशचित्रांचा झब्बू रंगायचा, एकानं एका विषयावर फोटो टाकायचा आणि बाकीच्यांनी त्यावर आपापले झब्बू द्यायचे. जुन्या ब्लॉगरांना आठवत असेल.

बदाम सातही हात रिकामा करण्याचाच डाव. बदामाच्या सत्तीनं सुरुवात, मग सत्तीच्या एका बाजूला छक्की, पंजी अशी उतरती पानं, दुसऱ्या बाजूला अठ्ठी, नव्वी अशी चढती. बाकीच्या रंगांच्या सत्त्या आल्या की त्यांच्या रांगा सुरू. पान लागत असेल तर लावायलाच हवं, नसेल तर पुढं. इथं झब्बूच्या उलट, पहिला सुटणारा जिंकतो. पण यात अडवणूक आहे. किलवरची सत्ती तुमच्याकडं आहे आणि लावायला दुसरं पान आहे, तर तुम्ही ती सत्ती दाबून बसता आणि सगळ्यांचे किलवर हातात कुजतात. आमच्या मावशीसारखं हे कुणाला जमलं नाही. चेहऱ्यावर देवघरातली शांती आणि हातात दोन सत्त्या.

आता त्या चिनी खेळाकडं येतो.

माझा एक भाचा वैद्यकीय शिकायला चीनला होता. आपल्या भागातली बरीच मुलं जातात. जानेवारी २०२० मध्ये तिकडच्या नवीन वर्षाच्या सुट्टीला घरी आला आणि अडकला. २०२२ च्या शेवटी परत जायला मिळालं. टाळेबंदीत सांगलीच्या घरात तो, माझी बायको आणि मी असे तिघंच होतो. झब्बूला तिघं म्हणजे मजा नाही. तेव्हा त्यानं वसतिगृहात शिकलेला डाव काढला. त्याचं चिनी नाव आपल्या कानाला 'डोउ दिजू' असं ऐकू येतं. अर्थ, जमीनदाराशी झुंज. हुबेई प्रांतातून निघून गेल्या शतकाच्या शेवटी देशभर पसरलेला हा खेळ आता चीनमध्ये गल्लीपासून मोबाइलपर्यंत सगळीकडं आहे. आपल्याकडं जसा झब्बू सगळ्यांना येतो तसा तिकडं हा.

खेळायला तिघंच लागतात. कॅट पूर्ण बावन्न पानांचा, वर दोन जोकर. एक रंगीत, एक काळा. आपल्या कॅटमधले दोन्ही जोकर सारखे असतील तर एकावर पेनानं खूण करा. प्रत्येकाला सतरा पानं वाटायची, तीन मध्ये पालथी ठेवायची. मग बोली. आपली पानं बघून एक, दोन किंवा तीन म्हणायचं, किंवा गप्प बसायचं. सगळ्यात मोठी बोली ज्याची तो जमीनदार. मधली तीन पानं सगळ्यांना दाखवून तो घेतो. म्हणजे जमीनदाराकडं वीस, आणि उरलेले दोघं शेतकरी, प्रत्येकी सतरा. दोघं शेतकरी एका बाजूला. जमीनदार आधी संपला तर तो जिंकला. दोघांपैकी कुठलाही एक शेतकरी आधी संपला, तर दोघंही जिंकले. हे शेवटचं वाक्य परत वाचा, सगळा खेळ त्यात आहे.

रंगाला किंमत नाही, इस्पिक काय आणि चौकट काय. सगळ्यात लहान तिर्री. मग चढत राजा, एक्का, आणि एक्क्याच्याही वर दुर्री! तिच्यावर काळा जोकर, त्याच्यावर रंगीत. पहिली उतारी जमीनदाराची. तो एक पान टाकेल, जोडी टाकेल, तीन सारखी टाकेल, तीन सारख्यांबरोबर एक सुटं पान किंवा एक जोडी टाकेल, किंवा ओळीनं पाच वा जास्त पानं टाकेल (३-४-५-६-७ अशी. या ओळीत दुर्री आणि जोकर चालत नाहीत). लागोपाठच्या तीन जोड्याही चालतात. पुढच्यानं त्याच प्रकारचं, तेवढ्याच पानांचं, पण मोठं टाकायचं. नसेल किंवा टाकायचं नसेल तर 'पास'. पास म्हटल्यावरही पुढच्या फेरीत टाकता येतं. लागोपाठ दोघं पास झाले की शेवटचं पान ज्याचं, त्यानं हवी ती नवी उतारी करायची. चार सारखी पानं म्हणजे बाँब, तो कशावरही पडतो. दोन्ही जोकर एकत्र म्हणजे अग्निबाण, तो बाँबवरही पडतो. बाँब पडला की डावाचे गुण दुप्पट.

लिहायला अर्धं पान लागलं, शिकायला दहा मिनिटं लागतात. आमच्या घरात मात्र हा खेळ जमायला दहा दिवस लागले, आणि का लागले ते सांगण्यासारखं आहे. टाळेबंदी उठल्यावर मी तो सातारच्या मंडळींना शिकवला. पहिल्या संध्याकाळी जमीनदार ओळीनं सहा डाव जिंकला. माणसं बदलली, तरी जिंकतोय जमीनदारच. कारण साधं होतं. जन्मभर झब्बू खेळलेली माणसं. समोर राणी पडली की हातातला राजा आपोआप बाहेर येतो. ती राणी आपल्याच भिडूची आहे, तो सुटत चाललाय, त्याला जाऊ द्यावं, हे हाताला पटतच नाही. एक शेतकरी दुसऱ्या शेतकऱ्याचा हात मारतोय आणि जमीनदार मजेत पास म्हणतोय. मामा शेवटी वैतागून म्हणाला, "अरे, हे तर बांधावरचं भांडण झालं!" बरोबर तेच. दोन भावांनी एका फुटाच्या बांधासाठी कोर्टात जायचं आणि शेत वकिलांना विकायचं, हे कृष्णाकाठच्या माणसाला कुणी समजावून सांगायला नको.

मग हळूहळू कळत गेलं. ज्या शेतकऱ्याची पाळी जमीनदाराच्या लगेच आधी येते, त्याचं काम अडवण्याचं. त्यानं लहान पानं सोडायची नाहीत, मोठी पानं मध्ये घालून जमीनदाराला महागात पाडायचं. त्यात त्याची स्वतःची चांगली पानं खर्च होतात, तो बहुधा सुटत नाही. सुटतो दुसरा. आणि जिंकतात दोघं. बोलायला मनाई, डोळे मिचकावायला मनाई. भिडूनं जोडी का टाकली, एकेरी का टाकली नाही, यावरून त्याच्या हातात काय असेल ते ओळखायचं. अकराव्या दिवशी आईनं आपला एकुलता एक बाँब मावशीला उतारी मिळावी म्हणून फोडला, चार पानांपैकी एक सुटं टाकलं, आणि मावशी सुटली. त्या दिवशी घरात जो आरडाओरडा झाला तसा एखाद्या वर्ल्डकपलाही झाला नसेल.

नावाबद्दल थोडं. चीनमध्ये १९५० साली जमीन सुधारणेचा कायदा झाला, जमीनदारांच्या जमिनी काढून कसणाऱ्यांना वाटल्या. त्या काळात गावोगाव जमीनदारांना चव्हाट्यावर उभं करून त्यांच्यावर सभा घेतल्या, फार मोठ्या संख्येनं माणसं मारली गेली, आणि 'जमीनदार' हा शिक्का नातवंडांपर्यंत चिकटून राहिला. त्या शब्दाचा पुढं पत्त्यांचा डाव झाला. मला आधी हे विचित्र वाटलं. नंतर वाटलं, की पत्त्यांत निदान जमीनदार व्हायला बोली लावावी लागते. पानं चांगली दिसली, हाव सुटली, की आपण होऊन 'तीन' म्हणायचं. पुढच्या डावाला दुसरा कुणी. जन्मानं कुणी जमीनदार नाही आणि शिक्का एका डावापुरता.

आपल्या मुलखाला हा विषय परका नाही. १९४३ ते ४६ मध्ये क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार याच भागात चाललं. तेव्हा सांगली जिल्हाच नव्हता. १९४९ साली सातारचे दक्षिणेकडचे तालुके आणि सांगली, मिरज, जत वगैरे संस्थानांचा मुलूख मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला, त्याचं नाव १९६० मध्ये सांगली झालं. त्यामुळं प्रतिसरकारचं कुंडल आज सांगलीत आहे आणि इतिहासात साताऱ्यात. इंग्रजी कचेऱ्यांबरोबरच गावच्या सावकारांनाही त्या सरकारचा धाक होता. नंतर आला १९४८ चा कुळकायदा, आणि त्यातल्या दुरुस्तीनं १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी कसणारं कूळ कायद्यानं जमिनीचं मालक मानलं गेलं.

आमचे आबा वाळवा तालुक्यातले, असंच एक कूळ. चार एकर त्यांच्या नावावर त्या कायद्यानं झाली. आणि त्यांचा 'जमीनदार' कोण, तर सांगलीत शाळामास्तर असलेला, चार एकरांच्या खंडावर पोरं शिकवणारा एक गृहस्थ. आबा पुढं कितीतरी वर्षं सुगीला त्या घरी जोंधळ्याचं पोतं टाकून यायचे. कायद्यानं देणं नव्हतं. "त्यांचं गेलं तेव्हा आपलं आलं, हे इसरायचं न्हाई," एवढंच म्हणायचे. भाच्यानं खेळाचं नाव सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा ते पोतं आठवलं. चीनमध्ये जे रक्तानं झालं ते आपल्याकडं सातबाऱ्यावर झालं, आणि ज्याचं गेलं त्याच्याशी बोलणं राहिलं, याचं मोल मला वय वाढेल तसं जास्त वाटतं.

मिळालेल्या चार एकरांचं पुढं काय झालं? एकट्या आबांना त्यात काही जमलं नसतं. पाणी आलं ते सोसायटीच्या उपसा योजनेतून, ऊस गेला तो सहकारी कारखान्याला. 'विना सहकार नाही उद्धार' ही पाटी आपण इतक्या भिंतींवर वाचलीय की तिच्याकडं आता बघतही नाही. सहकाराचं पुढं काय झालं, तिथं नवे जमीनदार कसे बसले, हा वेगळा लेख होईल. पण ती पाटी म्हणजे त्या चिनी डावातलं, वर परत वाचायला सांगितलेलं वाक्य आहे. एक सुटला तर दोघं सुटले.

आता मूळ मुद्द्यावर. काकू म्हणते, "सवय पत्त्यातूनच लागते. आज बदाम सात, उद्या तीन पानी." मी तिच्याशी बऱ्याचदा बोललो आणि तिचा मुद्दा मोडीत काढणार नाही. या चिनी डावावरही चीनमध्ये पैसे लावतात, गुण दुप्पट करायची सोय तिथं कशासाठी वापरली जात असेल हे सांगायला नको. कुठलाही डाव पैशाला चिकटवता येतो. लग्नात 'जोडे लपवणं'सुद्धा आता हजारांत गेलंय.

पण आमच्या पोराचं काय झालं ते मी जवळून पाहिलंय. दीड वर्षात त्याच्यासमोर एकही माणूस बसलेला नव्हता. समोर माणूस असता तर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी म्हणालं असतं, "अरे, पुरे आता, जेवायला चल." झब्बूत अंगावर आलेली सत्तावीस पानं सगळ्यांना दिसतात, सगळे हसतात, आणि आजी हळूच सांगते की आधी चौकट संपव. त्याच्या अंगावर आलेलं कुणालाच दिसत नव्हतं. तो एकटाच ती पानं हातात घेऊन बसला होता, आणि शेवटचं एक पान लागलं की सगळं फिटेल असं समजत होता. त्याला वाचवलं ते कॅट माळ्यावर टाकण्यानं नाही. त्याच्या धाकट्या चुलतभावानं, याच चीनहून आलेल्या भाच्यानं, एका रात्री त्याचा चेहरा वाचला, न बोलता फोन काढून घेतला आणि सकाळी घरच्यांसमोर त्याच्या शेजारी बसला. पाटल्या सोडवायला पहिले पैसे त्यानंच दिले, परत जायच्या तिकिटासाठी साठवलेले.

म्हणून माझं म्हणणं असं. येत्या गणपतीत कॅट खाली यावेत, आणि खेळताना फोन माळ्यावर जावेत. त्याच पिशवीत घाला. मोठी मंडळी असली की झब्बू, नियम सातारचे की सांगलीचे ते नाणं उडवून ठरवा. तिघं उरले की जमीनदार. रमी काही दिवस नको, एवढं काकूचं मी मान्य करतो. गुण मोजायला तासगावचे बेदाणे वापरू. त्यात एक फायदा आहे, डाव संपेपर्यंत जमीनदाराचं भांडवल पोरांनी खाल्लेलं असतं.

आणि ज्याच्यामुळं हे सगळं झालं त्याला बाजूला बसवून ठेवायचं नाही, "तू नको खेळूस" असं म्हणायचं नाही. गेल्या गणपतीत तो स्वयंपाकघरात उगाच भांडी पुसत होता. त्याला हाताला धरून मध्ये बसवायचं. पिसायला द्यायचं. तो जमीनदार झाला तर आपण दोघांनी मिळून त्याला हरवायचं, आणि तो आपला भिडू असला तर हातातला राजा धरून ठेवायचा, त्याला सुटू द्यायचं.

काकू, तू हे वाचशील हे मला माहीत आहे. माळ्यावर चढायला शिडी मी आणतो.